हिरवळीला पाणी किती आणि केव्हा?

अंगणात हरळी लावलेली घरे आता आपल्या खेड्यांतूनही दिसू लागली आहेत. संध्याकाळी नळी हाती धरून दहा मिनिटे पाणी शिंपडले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. चर्चच्या आवारात मीही दोन उन्हाळे हेच केले. गवत वरून ओले दिसे, पण दुपारी माना टाकी. शेवटी खुरप्याने माती उकरून पाहिली, तर अर्ध्या इंचाखाली ती ठणठणीत कोरडी!

रोज थोडेथोडे पाणी मिळाले की मुळ्या वरच्यावर पसरतात आणि पहिल्या उन्हात होरपळतात. हरळी मुळात खोल जाणारी. तिला पाणी उशिराने पण पोटभर द्यावे. माती चार ते सहा इंच भिजली पाहिजे.

हिशेब आपण शेतकरी आहोत तसाच मांडू. उन्हाळ्यात हिरवळीला आठवड्याला साधारण २५ ते ३० मिलिमीटर, म्हणजे इंचभर पाणी लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद तुकड्याला हे सुमारे २३० लिटर होते. पंधरा लिटरच्या पंधरा बादल्या! गुंठाभर हिरवळ केली तर आठवड्याला अडीच हजार लिटर. तेव्हा हिरवळ किती करावी, हे आधी विहिरीला विचारावे. नळीने पाणी देत असाल, तर एक बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. पुढचा गुणाकार मुलेही करतील.

खानापूर भागातील तांबड्या जमिनीत पाणी लवकर खाली जाते. तेथे हे पाणी दोन वेळांत विभागून द्यावे. बैलहोंगलकडील काळ्या जमिनीत आठवड्यातून एकदा पुरते, मात्र काळी माती पाणी सावकाश पिते. अर्धे द्यावे, अर्ध्या तासाने उरलेले. थंडीत निम्म्यावर भागते आणि पावसाळ्यात नळी गुंडाळून ठेवावी. वार ठरवून पाणी देण्यापेक्षा गवताकडे पाहावे हे उत्तम. चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, रंग निळसर-राखी झाला, की ते तहानले आहे असे समजावे.

वेळ पहाटेची. दुपारचे पाणी वाऱ्यावर व उन्हात जाते. रात्रभर ओल्या राहिलेल्या पात्यांवर बुरशी येते.

जास्त पाण्याने गवत पिवळे पडते आणि लव्हाळा माजतो. त्याहून वाईट म्हणजे डास. खळग्यात साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. खळगे मातीने भरून घ्या. नळाखालची डबकी, उघड्या बादल्या आठवड्यातून एकदा तरी पूर्ण कोरड्या करा. तापाच्या दिवसांत हे गवतापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

भांडी-कपडे विसळल्याचे शेवटचे पाणी हिरवळीला चालते. सोड्याचे, साबणाच्या फेसाचे नको, त्याने काळी माती घट्ट होते.

एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठला, की मी आवारातील गवताचे पाणी बंद करतो. लोक विचारतात, "फादर, गवत मेलं की हो!" वाळलेली हरळी बहुधा मेलेली नसते. मुळ्या जिवंत असतात आणि वळवाच्या दोन सरींनंतर ती फुटते. तोवर विहिरीतले पाणी घागरींसाठी व गोठ्यासाठी राहू द्यावे.