मुंगीचे घर, वाघिणीचे घर

पवित्र कुरआनच्या सूरह अन-नम्लमध्ये मुंग्यांच्या खोऱ्याचा प्रसंग आहे. सुलैमान (अलै.) यांची सेना येताना पाहून एक मुंगी इतरांना आपापल्या घरांत शिरण्यास सांगते. त्या घरांसाठी तेथे ‘मसाकिन’ हा शब्द योजिला आहे; माणसांच्या वस्तीसाठीही कुरआनात हाच शब्द येतो. सूरह अल-अन्आमची 38वी आयत तर पशुपक्ष्यांना आपल्यासारख्याच ‘उम्मत’ ठरविते. तेव्हा जंगल म्हणजे कोणाचीच वस्ती नसलेली मोकळी जागा, ही समजूत कुरआनच्या वाचकाला शोभणारी नाही.

घर बदलले की त्यात राहणाऱ्या जिवाचे वागणे बदलते. आपल्या वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्य 1970 सालचे. 2014 साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. क्षेत्र सुमारे 138 चौरस किलोमीटर, म्हणजे देशातील अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. बछडा मोठा झाला की त्याला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. एवढ्याशा जंगलात तो सर्वांना मिळत नाही आणि पेंच, मेळघाट, ताडोब्याकडे जाणारी झाडीची वाट शेतांनी व महामार्गांनी तोडली आहे.

जंगल तुटले की सारेच जीव घटतात, असे मात्र नाही. रानडुक्कर आणि रोही यांना जंगलाच्या कडेचे शेत जंगलाहून सोयीचे असते. हरभरा, गहू, तूर आयती मिळते. भक्ष्य शेतात आले की वाघही मागोमाग येतो. दिवाळीच्या सुमारास पुरुषभर वाढलेली तूर त्याला गवतासारखाच आडोसा देते. त्याच्या दृष्टीने ते जंगलच!

2017 साली ब्रह्मपुरी भागात माणसे मारणारी एक वाघीण पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून बोरमध्ये सोडण्यात आली. अनोळखी मुलखात ती स्थिरावली नाही. शेकडो किलोमीटर फिरली, पुन्हा मनुष्यबळी गेले, तिला ठार करण्याचा आदेश निघाला. ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यातील एका शेताच्या कुंपणातील विजेच्या धक्क्याने ती मेली. हे कुंपण बहुधा डुकरांसाठी असते; तारेला मात्र डुक्कर, वाघीण आणि पहाटे ओलिताला निघालेला शेजारी यांतला फरक कळत नाही.

म्हणून कुंपणात थेट वीज सोडणे हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही. स्वतः नुकसान करू नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करू नये, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीतून आलेले तत्त्व येथे सरळ लागू पडते. सौरऊर्जेवरील झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन जनावराला परतविते, जीव घेत नाही.

पण एवढे सांगून शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडणेही अन्यायच आहे. हजरत उमर (रजि.) यांनी राखीव कुरणावर, म्हणजे ‘हिमा’वर, हुनय्य यांना नेमले तेव्हा थोडी जनावरे असलेल्या गरिबांना आत येऊ द्यावे, असे बजावले होते, उस्मान (रजि.) आणि अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यासारख्या संपन्न सहाबांचे कळप मात्र बाहेर ठेवावयास सांगितले. राखण करावीच, परंतु तिचा भार दुबळ्यावर पडू नये, हा त्यातील विचार. वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले तर शासनाकडून भरपाई मिळते, ती खैरात नव्हे. नासाडी दिसताच वनविभागाला कळवावे, पंचनामा करून घ्यावा. आणि ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज मोहल्ल्यातील शिकलेल्या मुलामुलींनी लिहून द्यावा.