चिंचेनं घासलेली बंदूक

खंडेनवमीच्या तोंडावर आमच्या घरातलं सगळं तांबं-पितळ अंगणात येतं. समया, घंगाळ, ताम्हन, पळी-पंचपात्र. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ आणि नारळाची शेंडी घेतली की तासाभरात अंगण लखलखतं. एका वर्षी याच पसाऱ्यात मी आजोबांची दुनळी बंदूक आणून ठेवली आणि तिच्या नळीवरही तोच कोळ चोळला. पुढं जे झालं ते ऐकून एखाद्याची बंदूक वाचली तर वाचू दे.

आम्ही जोतिबाच्या डोंगरावरचे, वाडी रत्नागिरीचे. उंची सुमारे ३,१०० फूट. जून लागला की धुकं न विचारता घरात शिरतं ते दसऱ्याच्या सुमाराला बाहेर पडतं. मीठ पाघळतं, काडेपेटी पेटत नाही, ट्रंकेतल्या पैठणीला बुरशी येते. अशा चार महिन्यांत बंदूक मी रेक्झिनच्या कव्हरात घालून माळ्यावर ठेवली होती. डोंगराखाली कुशिऱ्याच्या अंगाला आमचा ऊस आणि भुईमूग, त्यात रानडुकरं. म्हणून पीक संरक्षणाचा परवाना. आजोबांच्या मागं परवाना माझ्या नावावर झाला. बंदूक सांभाळायची अक्कल मात्र कागदासोबत येत नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कव्हर काढलं, तर नळीवर तिळाएवढे तांबूस ठिपके. आणि एका जागी, अगदी स्पष्ट, अंगठ्याचा ठसा. आधार कार्डाला देतात तसा, रेघन् रेघ गंजानं उमटलेली. मे महिन्यात मेहुण्याला बंदूक दाखवताना घामेजल्या हातानं धरली होती, तो ठसा माझाच.

चिंचेनं ठिपके झटक्यात गेले. खाली पांढुरकं करडं लोखंड दिसायला लागलं, तेव्हा वाटलं, मळ निघतोय. आणखी जोरात घासलं. आज्जी उंबऱ्यावरनं म्हणाली, "आरं, ते काय देवाचं ताम्हन हाय व्हय?" मी हसलो. पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली, दुसऱ्या दिवशी पाटावर ठेवून गंध, हळद-कुंकू, वर झेंडूची ओली माळ. दसऱ्याच्या संध्याकाळी माळ उचलली, तर खाली नळीवर माळेची नक्कल उतरलेली. केशरीच. फुलाच्या जागी फूल.

कोल्हापुरात परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यांनी नळी उजेडात धरून विचारलं, "काय लावलंसा?" खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ही जी निळी झिलई म्हणताय न्हवं, ती रंग न्हाई. त्यो पण एक गंजच हाय. माणसाळलेला."

नंतर त्यांच्या बोलण्याचा अर्थ लागला. लोखंडावर साधा तांबडा गंज चढतो तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली खात जातो. ब्लूइंग म्हणजे लोखंडाच्याच पृष्ठभागाचं मुद्दाम केलेलं काळं-निळं ऑक्साइड, मॅग्नेटाइट. घट्ट असतं, पण अतिशय पातळ, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट पातळ. ते एकटं लोखंडाला वाचवत नाही. तेल धरून ठेवतं, आणि वाचवतं ते तेल. चिंच, लिंबू, व्हिनेगर, गंज काढायची बहुतेक औषधं ही सगळी आम्लं. त्यांना तांबडा गंज आणि निळी झिलई यातला फरक कळत नाही. दोन्ही खातात.

झिलई परत चढवता येते, पण दुनळीचं दुखणं वेगळं. हल्ली कारखान्यात कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवून ब्लूइंग करतात. दुनळीच्या नळ्या मधल्या पट्टीला बहुधा कथील-शिशाच्या डाकानं जोडलेल्या असतात आणि कॉस्टिक तो डाक खातं. म्हणून तिला जुनीच रीत: हलका गंज मुद्दाम चढवायचा, उकळत्या पाण्यात काळा करायचा, बारीक तारेच्या ब्रशानं झाडायचा, पुन्हा चढवायचा. कित्येक फेऱ्या. खर्च ऐकून मी नळीवरचा झिलई गेलेला करडा पट्टा तसाच ठेवला. बाटलीतलं लावायचं थंड ब्लूइंग मिळतं, ते डाग झाकण्यापुरतं ठीक. हात लागून लवकर पुसलं जातं.

तर आता मी काय करतो. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघतो. काडतूस नाही हे माहीत असलं तरी बघतो, आणि काडतुसं त्या खोलीतही ठेवत नाही. ठिपके नवे असतील तर त्यांच्यावर तेल टाकून रात्रभर सोडतो, सकाळी जुन्या सुती धोतराच्या तुकड्यानं चोळतो. नाही निघाले तर चार शून्याची सगळ्यात बारीक स्टील वूल, तीही तेलात भिजवलेली, बोटाच्या हलक्या दाबानं. झिलई करडी दिसायला लागली की थांबायचं. थोडा डाग राहिला तर राहू दे. सॅंडपेपर नको, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात बफ मारून चकचकीत करून घ्यायचा मोह तर मुळीच नको. बफनं नळीवरचे आकडे बुजतात. बंदुकीचा नंबर खोडणं शस्त्र कायद्यात गुन्हा आहे, आणि बिनपरवाना माणसाकडं दुरुस्तीला देणंही कायद्यात बसत नाही.

तेल शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल नको. आमच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याला तोटा नाही, त्यामुळं हात तिकडंच जातो; पण ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की खवट, चिकट होतं. तेलही पुसून दिसेनासं होईल इतकंच. जास्त झालं तर उभ्या बंदुकीत ते ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड नरम पडतं. म्हणून मी बंदूक कपाटात नळी खाली करून ठेवतो.

कव्हर फक्त वाहून नेण्यापुरतं. चामडं असो की रेक्झिन, आतली ओल बाहेर जात नाही. पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी कपाट उघडून कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग तेलाचा हात. धुक्यातनं घरात आणलेली नळी थंड असते, चुलीच्या उबेला तिला घाम फुटतो. तो जाईपर्यंत थांबायचं, मगच पुसायचं. आणि निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर देताना जरा सढळ तेल लावावं, असलेले डाग पावतीवर लिहून घ्यावेत. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून जूनपर्यंत होती. एवढे दिवस तिथं आपली बंदूक कोण पुसणार?

खंडेनवमीला पूजा अजून होते. माळ दस्त्यावर, कुंकवाचं बोट लाकडाला, पाणी पाटाभोवती. गेल्या वर्षी धाकटीनं नळीवरच्या करड्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" सांगायच्या आधी मी तिचं बोट उचललं आणि तेवढी जागा फडक्यानं पुसली.