मेडिकलला प्रवेश मिळाला, पण आनंद कुठे गेला?



नीटचा निकाल लागला की गावात, शाळेच्या फाटकावर, क्लासच्या दारात फलक झळकतात. ज्याला मेडिकलला प्रवेश मिळाला त्याच्या घरी पेढे वाटतात. शाळा त्याला बोलावून सत्कार करते, शाल-श्रीफळ देते. आपण सगळेच म्हणतो, "पोरानं नाव काढलं." त्यानंतर मात्र त्या मुलाचं कसं चाललंय हे शाळा सहसा विचारत नाही, आणि घरचेही मार्कांपलीकडे फारसं विचारत नाहीत. ज्याला हवं ते मिळालं तो सुखातच असणार, असं आपण धरून चालतो.

हे गृहीत धरणं कितपत बरोबर आहे, ते आज पाहू. मेडिकलच्या मुलांचा मूड कसा असतो, तो का बिघडतो आणि त्यात शाळेचा नि घराचा वाटा किती, या तीन प्रश्नांभोवती हा लेख आहे.

आकडे काय सांगतात?

२०१६ मध्ये 'जामा' या अमेरिकेतल्या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. जगातल्या ४३ देशांतले वेगवेगळे अभ्यास त्यात एकत्र केले होते आणि विद्यार्थ्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात होती. त्यात २७.२ टक्के मेडिकल विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा नैराश्याची लक्षणं आढळली. सुमारे ११ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं दिसली, त्यांच्यापैकी उपचार घेणारे शंभरात जेमतेम सोळा होते. आजार ओळखायला शिकणारी मुलं स्वतःच्या दुखण्यासाठी मात्र डॉक्टरकडे जात नव्हती.

आपल्या देशाचं काय? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठी झालेल्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० एमबीबीएस विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यातल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आरोग्याची काही तक्रार असल्याचं सांगितलं. १६.२ टक्के मुलांनी स्वतःला इजा करण्याचे किंवा आत्महत्येचे विचार मनात आल्याचं नोंदवलं.

इथे थोडं सावधही राहायला हवं. ऑनलाइन पाहणीत ज्याला वाटतं तोच उत्तर देतो. प्रश्नावलीत लक्षणं दिसणं आणि डॉक्टरांनी निदान करणं यांतही फरक आहे. त्यामुळे "मेडिकलचं प्रत्येक चौथं मूल आजारी" असा अर्थ काढू नका. बरीच मुलं मजेत असतात, मित्र जोडतात, गॅदरिंग गाजवतात, रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर गप्पा मारतात. पण एका वर्गात दीडशे मुलं असतील, तर त्यातली काही डझन मुलं गप्प गप्प खचत असू शकतात, एवढं या आकड्यांवरून नक्की समजावं.

मुलं मुळातच नाजूक असतात का?

"हल्लीची पोरं नाजूक झालीत," हे वाक्य स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येतं. या बाबतीत ते टिकत नाही. अमेरिकेत मेडिकलला नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांची तुलना त्यांच्याच वयाच्या इतर पदवीधरांशी केली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मेडिकलला येणारी मुलं प्रवेशाच्या वेळी उलट अधिक समाधानी आढळली. त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी होती. 'जामा'च्या आढाव्यातही ज्या अभ्यासांनी त्याच मुलांना प्रवेशाआधी आणि नंतर तपासलं होतं, त्यात लक्षणांचं प्रमाण प्रवेशानंतर वाढलेलं दिसलं.

म्हणजे मुलं येताना धडधाकट असतात. ती कोमेजतात ती आल्यानंतर.

पहिल्या वर्षात नेमकं काय होतं?

समजा, तालुक्याच्या शाळेतली एक मुलगी आहे. पहिलीपासून बारावीपर्यंत तिने पहिला नंबर सोडलेला नाही. आता ती ज्या वर्गात बसते, तिथे सगळेच आपापल्या शाळेचे पहिले. कोणीतरी साठावा येणार, कोणीतरी शंभरावा. ज्या नंबराच्या आधारावर तिने स्वतःची ओळख उभी केली होती, तो आधार पहिल्या तिमाहीतच निसटतो.

मार्कांचं गणितही बदलतं. एमबीबीएसमध्ये पास व्हायला ५० टक्के लागतात आणि ७५ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. दहावीला ९६ टक्के पाहिलेले आईवडील फोनवर "अठ्ठावन्नच?" असं विचारतात. त्या परीक्षेत अठ्ठावन्न म्हणजे व्यवस्थित पास, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मग अभ्यासाचा आवाका. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री हे तीन मोठे विषय एकाच वर्षात. नीट मराठीतूनही देता येते, पण कॉलेजात शिकवणं, पुस्तकं, तोंडी परीक्षा सगळं इंग्रजीतून. मराठी माध्यमातल्या मुलाला उत्तर येत असतं, पण व्हायवाच्या टेबलासमोर वाक्य जुळत नाही. तो मठ्ठ ठरतो. सगळ्यांदेखत एकदा अपमान झाला की पुढच्या वेळी येत असलेलंही तोंडातून निघत नाही.

त्यातच डिसेक्शन हॉल. अठरा वर्षांच्या मुलाने कदाचित घरातला मृत्यूही जवळून पाहिलेला नसतो. इथे फॉर्मेलिनच्या वासात, देहदान केलेल्या माणसाच्या शरीरासमोर तो रोज उभा असतो. काहींना सवय होते, काहींना आठवडाभर जेवण जात नाही. "डॉक्टर होणार ना? मग घाबरतोस काय?" असं हसत म्हटलं की तो विषय तिथेच बंद होतो.

पुढे रोगांचा अभ्यास सुरू झाला की आणखी एक गंमत होते. जो रोग वाचावा तो आपल्यालाच झालाय असं वाटू लागतं. डोकं दुखलं की ट्यूमर, छातीत धडधडलं की हृदयविकार. हा अनुभव इतका सर्वत्र आढळतो की इंग्रजीत त्याला 'मेडिकल स्टुडंट्स डिसीज' असं नावच पडलंय. ही गोष्ट मुलांना आधीच माहीत असली तर ती त्यावर हसू शकतात. माहीत नसली तर रात्र रात्र जागतात.

आनंद सतत पुढे ढकलला जातो

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. आपण मुलांना आनंद पुढे ढकलायला शिकवतो. "दहावी होऊ दे, मग खेळ." "बारावीची दोन वर्षं काढ, मग आयुष्यभर आराम." "एकदा नीट निघू दे, मग काय हवं ते कर." मूल विश्वास ठेवतं. क्रिकेटची बॅट माळ्यावर जाते, तबल्याचा क्लास बंद होतो, मित्राच्या ताईच्या लग्नालाही ते जात नाही. लातूर असो, कोटा असो की आपल्याच तालुक्याचा क्लास असो, सकाळपासून रात्रीपर्यंत टेस्ट सिरीज. एकदा नंबर लागला नाही तर रिपीट, म्हणजे आणखी एक वर्ष तसंच. २०२४ मध्ये तेवीस लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्याच जास्त होत्या. ही चढाओढ पाहिली की आईवडिलांची घाईही समजते.

पण कॉलेजात गेल्यावर कळतं की "मग" हा शब्द पुन्हा पुढे सरकलाय. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप, तेवढ्यात पीजीच्या प्रवेश परीक्षेची तयारी, मग तीन वर्षं रेसिडेन्सी. त्या कृतिदलाला निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नसावं आणि आठवड्यातून एक सुट्टी मिळावी अशी शिफारस करावी लागली. त्यावरून आज किती तास काम चालत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

अशा मुलाला आनंदी कसं राहायचं, याचा सरावच उरत नाही. तबला सहा वर्षं बंद ठेवला तर हात बसत नाही. आनंदाचंही तसंच आहे.

आणि याची झळ एकट्या विद्यार्थ्याला बसत नाही. अमेरिकेतल्या जेफरसन मेडिकल कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं तिसऱ्या वर्षी वॉर्डात जाऊ लागली, तेव्हाच त्यांची सहानुभूती घटलेली त्यात दिसली. ज्या वर्षी रुग्ण भेटतो, त्याच वर्षी रुग्णाबद्दलचा ओलावा कमी होतो. थकलेला, झोप न झालेला, स्वतःचं दुःख गिळलेला माणूस दुसऱ्याचं दुःख किती ऐकणार? उद्या आपण किंवा आपले आईवडील त्याच्यासमोर बसणार आहोत. म्हणून या मुलांचा मूड हा आपल्या सगळ्यांचाच प्रश्न आहे.

बदल होऊ शकतो का?

होऊ शकतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने २००९ पासून काही साधे बदल केले. पहिल्या दोन वर्षांत नंबर आणि श्रेणी काढून फक्त पास-नापास ठेवलं. अभ्यासक्रमातला तपशील थोडा कमी केला. एक आठवड्याआड अर्धा दिवस मोकळा दिला. मुलांचे छोटे गट करून त्यांना शिक्षक जोडून दिले. मुलांमधलं नैराश्य आणि चिंता ठळकपणे कमी झाली आणि परीक्षेतली कामगिरी काही खालावली नाही. "थोडी मोकळीक दिली की मुलं अभ्यास सोडतील" ही आपली भीती तिथे तरी खरी ठरली नाही.

आपल्याकडेही २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला. त्यात भाषा, संवाद, ताण हाताळणं, खेळ यांना जागा दिली आहे. तो मनापासून घेतला जातो की नुसत्या सह्या होतात, हे कॉलेजवर अवलंबून. डॉक्टरांची जी आधुनिक शपथ जगभर मानली जाते, त्या जिनिव्हा घोषणापत्रातही २०१७ मध्ये एक नवं वचन आलं. रुग्णाची उत्तम सेवा करता यावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या आरोग्याची काळजी घेईन, असा त्याचा आशय आहे. १९४८ पासून चालत आलेल्या शपथेत हे यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली.

शाळेत आपण काय करू शकतो?

१. अकरावी-बारावीच्या मुलांचा एक तरी छंद चालू राहू द्या. आठवड्यातून दोन तास पुरतात. वेळापत्रकात तो इतर तासांसारखाच लिहा.

२. मेडिकलला गेलेला माजी विद्यार्थी शाळेत आला की "कितवा नंबर?" याऐवजी "पहिलं वर्ष कसं गेलं?" असं विचारा. त्याला मुलांसमोर खरं बोलू द्या. नापास झालेला पेपर, इंग्रजीची भीती, डिसेक्शनचा पहिला दिवस, सगळं.

३. मराठी माध्यमातल्या मुलांना विज्ञानाचं उत्तर इंग्रजीतून तोंडी सांगण्याचा सराव द्या. रोज पाच मिनिटं. चुकलं तर हसायचं नाही, हा वर्गाचा नियम करा.

४. मदत मागणाऱ्या मुलाचं वर्गात कौतुक करा. "सर, मला समजलं नाही" म्हणता येणारं मूल उद्या "मॅडम, मला बरं वाटत नाही" असंही म्हणू शकेल.

घरी आपण काय करू शकतो?

१. फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. "जेवलास का? झोप झाली का? कोणाबरोबर राहतोस?" यातून जास्त कळतं.

२. पन्नास टक्क्यांना पास, हे नातेवाइकांनाही समजावून सांगा. सप्लिमेंटरी परीक्षा देऊन पुढे गेलेले कितीतरी उत्तम डॉक्टर आहेत.

३. "आम्ही तुझ्यासाठी एवढं कर्ज काढलंय" हे वाक्य शक्यतो टाळा. मुलाला ते आठवत असतंच. तुम्ही म्हटलंत की त्याला तुमच्याशी बोलायचीही चोरी होते.

४. मूल घरी आलं की त्याला लगेच गावभर डॉक्टर म्हणून मिरवू नका. दोन दिवस त्याला तुमचं पोर म्हणून राहू द्या.

या खुणांकडे लक्ष असू द्या

फोन उचलणं कमी होणं, सुट्टीत घरी यायचं टाळणं, झोप एकदम उडणं किंवा दिवसभर झोपून राहणं, मेस सोडणं, आवडत्या गोष्टींतून मन उडणं, "मी सगळ्यांना ओझं झालोय" अशा अर्थाचं बोलणं. यातलं काही दोन आठवडे टिकलं तर "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणून विषय संपवू नका. शांतपणे, सरळ विचारा, "जगणं नको असं कधी वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी त्याच्यापाशी जा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वर्गासाठी एक छोटा उपक्रम

या आठवड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना एका कागदावर दोन रकाने आखायला सांगा. पहिल्यात 'गेल्या सात दिवसांत मला कशाने बरं वाटलं', दुसऱ्यात 'परीक्षा झाल्यावर करायचं म्हणून मी काय बाजूला ठेवलंय'. नाव लिहायचं नाही. कागद गोळा करून निवांत वाचा. दुसरा रकाना भरून वाहत असेल आणि पहिला कोरा असेल, तर त्यातली एक गोष्ट याच आठवड्यात कशी करता येईल, ते वर्गाबरोबर बसून ठरवा. पालकसभेत हेच दोन रकाने पालकांनाही भरायला सांगा. काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.