दोन दिनार आणि परतीचे वचन



दयाळू शोमरोन्याचा दाखला (लूक 10:25-37) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, हे आपल्या लक्षात राहते. पुढचा भाग मात्र निसटतो. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असे सांगितले. लुटल्या गेलेल्याचा खर्च त्याने उचलला आणि परत येऊन पाहण्याची जबाबदारीही घेतली. आज या दोन गोष्टींचा विचार करू या.

1. खर्च

आपल्या देशात 2021-22 साली आरोग्यावरील एकूण खर्चापैकी 39.4 टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली. विमा नसलेल्या घरात एक शस्त्रक्रिया म्हणजे दागिने गहाण, सावकाराचे कर्ज आणि मुलांच्या शिक्षणाला खीळ. पोप जॉन तेविसावे यांनी 1963 च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात वैद्यकीय सेवा हा माणसाचा हक्क आहे, असे शिकवले. हक्क म्हटला की तो दयेवर सोडता येत नाही.

आपल्या राज्यात 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. 1 जुलै 2024 पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. मात्र ठरलेले उपचार आणि योजनेतील रुग्णालय, या दोन्ही अटी पाळाव्या लागतात.

2. देखरेख

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना 2006 पासून लागू आहे. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. पण तक्रारच पोहोचली नाही, तर देखरेख कागदावरच राहते.

इथे आपण स्वतःला तपासू या. आजरा, चंदगड, गडहिंग्लजहून रुग्ण कोल्हापुरात येतो. नातेवाईक घाबरलेले असतात. दिसेल त्या दवाखान्यात दाखल करतात. बिल हाती आले की आपण मिस्सेनंतर वर्गणी काढतो. ते चांगलेच आहे. पण दाखल करतानाच ‘हे रुग्णालय योजनेत आहे का?’ असे विचारणारा कोणी सोबत असता, तर कदाचित कर्जच झाले नसते.

म्हणून प्रत्येक वाडीतील दोघांनी ही सेवा स्वीकारावी. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत घ्यावे, रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटावे, प्रत्येक पैशाची पावती मागावी. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. आणि शोमरोन्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारपूस करावी.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या वाडीत कोणाकडे शिधापत्रिका किंवा उत्पन्नाचा दाखला नाही? तो मिळवून देण्यास कोण मदत करील?
2. वर्गणी दिल्यावर आपण त्या घरी पुन्हा गेलो का?

प्रार्थना: हे प्रभू येशू, दुःखितांना बरे करणाऱ्या, आम्हांला देणारे हात दे आणि परत जाणारी पावले दे. आमेन.