बाजरीचे पीठ कडू होऊ देऊ नका

शिरूर व दौंड तालुक्यांच्या जिरायत भागात बाजरीची भाकरी हे जुने व सकस अन्न होय. परंतु महिन्याचे दळण एकदम आणल्यास पीठ कडू होते, मुले भाकरी टाकतात आणि कष्टाचे धान्य वाया जाते.

कारण : बाजरीत शेकडा सुमारे ५ भाग स्निग्धांश असतो. तो मुख्यतः दाण्याच्या अंकुरात असून दाणा अखंड असेपर्यंत सुरक्षित राहतो. दळताना अंकुर चिरडला जातो. मग दाण्यातीलच विकर स्निग्धांशाचे विघटन करतात व हवेतील प्राणवायूने तो खवटतो.

नैसर्गिक रक्षण : अंकुरातील ‘ई’ जीवनसत्त्व प्राणवायूचा मारा आधी स्वतःवर घेते व स्निग्धांश वाचवते. आपल्या शरीरातील पेशींचेही ते असेच रक्षण करते. पीठ जुने होते तसे ते खर्ची पडते. भोगीच्या भाकरीवरील तिळातही अशी रक्षक द्रव्ये आहेत. म्हणूनच तिळाचे तेल सहसा लवकर खवटत नाही.

उपाय :
१. बाजरी दाण्याच्या रूपात, कोरडी साठवावी.
२. आठवड्यास पुरेल इतकेच दळावे. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवावे.
३. अधिक दिवस टिकवायचे असल्यास बाजरी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून निथळावी, कडक उन्हात पूर्ण वाळवावी व मग दळावी. उष्णतेने विकर निष्प्रभ होतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ताज्या व महिन्याच्या पिठाची भाकरी सभेत शेजारी शेजारी चाखावयास द्यावी. फरक जिभेलाच पटेल.