सहलीचं नियोजन : तीन दिवस, दोन मुक्काम आणि पाचवीचा वर्ग



"एक मोटार एका तासात ५० कि.मी. जाते, तर २०० कि.मी. जायला किती वेळ लागेल?" हे उदाहरण आपण सगळ्यांनीच फळ्यावर लिहिलंय. मुलं चार तास असं उत्तर काढतात, आपण बरोबरची खूण करतो. पण ती मोटार कुठे चाललीय, रस्त्यात घाट आहे का, आतल्या माणसांना भूक लागते का, हे कोणी विचारत नाही. मीही विचारत नव्हते. माझी स्वतःची सहल फसली तेव्हा विचारायला लागले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं पुण्याहून भंडारदऱ्याला निघालो. अंतर साधारण २०० कि.मी. मोबाईलने साडेचार तास दाखवले, म्हणून आरामात अकराला निघालो. चाकणला अडकलो, जेवायला थांबलो, घाटात मुलीला उलटी झाली. पोहोचलो तेव्हा मिट्ट काळोख. टॉर्च बॅगेच्या तळाशी आणि स्वेटर डिकीत. मुलगी रात्रभर कुडकुडली.

पुढच्या वर्षी हीच फसलेली सहल मी पाचवीच्या वर्गापुढे ठेवली. म्हटलं, "बाईंचं कुठे चुकलं ते शोधा आणि नवीन बेत आखून द्या. या दिवाळीत मी तुमच्या बेताने जाणार." बाई चुकल्या म्हटल्यावर वर्गाला केवढा हुरूप आला!

१. नकाशा आणि अंतर

महाराष्ट्राच्या नकाशावर मुलांनी दोरा ठेवून मार्ग मोजला आणि प्रमाणावरून कि.मी. काढले. जाताना पुणे, नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर, भंडारदरा. दुसऱ्या दिवशी बारी, घोटीवरून नाशिक. तिसऱ्या दिवशी सिन्नरमार्गे पुणे. २०० + ७५ + २१०, म्हणजे ४८५ कि.मी. फिराफिरी धरून ५००.

वाटेवरच्या गोष्टीही त्यांनीच शोधल्या. नारायणगावजवळ खोडदला ३० मोठ्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. भंडारदऱ्याला प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आहे. बारी गावातून महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मी.) दिसतं. सिन्नरला गोंदेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. भूगोल आणि परिसर अभ्यास इथे आपोआप आला.

२. वेळ

सगळ्यांनी २०० भागिले ५० करून चार तास लिहिले. एक मुलगा मात्र वही मिटून बसला होता. एरवी गणितात मागेच असतो. त्याचे वडील पिकअपमधून नारायणगावचा टोमॅटो वाहतात. म्हणाला, "बाई, चाकणला पन्नास नाय पडत. आन् अकोल्याच्या पुढं तर नायच नाय."

मी खडू त्याच्या हातात दिला. त्याने सांगितलं ते असं :

- पुणे ते नारायणगाव, ७५ कि.मी. : २ तास
- नाश्ता : अर्धा तास
- नारायणगाव ते संगमनेर, ६५ कि.मी. : दीड तास
- जेवण : १ तास
- संगमनेर ते भंडारदरा, ६० कि.मी. : २ तास

एकूण ७ तास. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. तंबूच्या जागी उजेडात, चारपर्यंत पोहोचायचं, तर उशिरात उशिरा नऊला निघायला हवं. वर्गाने दोन तास हाताशी ठेवून सातला निघायचं ठरवलं. भागाकार चुकला नव्हता, पण प्रत्येक टप्प्याचा वेग वेगळा असतो हे त्या दिवशी वर्गाला कळलं. आणि ते सांगणारा कोण होता, हेही वर्गाने पाहिलं.

३. तंबू आधी की हॉटेल आधी?

हा प्रश्न विचारला तेव्हा एका मुलीने उलट विचारलं, "बाई, हॉटेलात झोपतात पण?" तिच्या लेखी हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा. कोणी हसायच्या आत मी म्हटलं, "चांगला प्रश्न. जिथे राहायची सोय असते त्याला काही ठिकाणी लॉज म्हणतात, काही ठिकाणी हॉटेलच." शिक्षकांनो, इथे जरा जपायला हवं. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं कधी सहलीला गेलेली नसतात. म्हणून मी दोन गटांना मामाच्या गावाला एसटीने जायचा बेत दिला. गणित तेच, खर्च कमी.

चर्चेनंतर तंबू आधी ठरला. कारणं मुलांचीच : दुसऱ्या रात्री गरम पाण्याची अंघोळ मिळते, ओले कपडे वाळतात आणि परतीच्या लांब प्रवासाआधी गाडी चालवणाऱ्याची झोप नीट होते.

४. फोनवर काय विचारायचं?

मराठीच्या तासाला जोड्या करून फोनवरचं संभाषण घेतलं. एकजण पाहुणा, एकजण मालक.

तंबूवाल्याला : जागा पाण्याच्या किती जवळ? वर वाळलेली झाडं आहेत का? स्वच्छतागृह किती लांब, तिथे रात्री दिवा असतो का? गाडी तिथपर्यंत येते का? जेवण धरून दर किती?

हॉटेलवाल्याला : खोली किती वाजता मिळेल, किती वाजता सोडायची? जादा गादीचे किती? गाडी कुठे लावायची? ओळखपत्र कोणतं लागेल?

दुपारी १२ ला खोली घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला सोडली, तर किती तास राहिलो? हे उदाहरण पुस्तकातल्या घड्याळापेक्षा लवकर समजतं.

५. अंदाजपत्रक

पेट्रोल : लिटरला २० कि.मी. धरून २५ लिटर, हिशोबाला सोपं म्हणून १०० रुपये दराने २,५०० रुपये. टोल ५००. तंबू जेवणासह ३,०००. हॉटेल २,०००. बाहेरचं खाणं २,०००. बेरीज १०,०००. त्याचा दहावा भाग, म्हणजे १,००० रुपये अडचणीसाठी वेगळे.

मग काय झालं?

आम्ही खरंच त्याच बेताने गेलो. दोनला पोहोचायचं होतं, पावणेतीन झाले, पण ऊन होतं. टॉर्च आणि स्वेटर मुलांच्या यादीप्रमाणे वरच्या पिशवीत होते. सुट्टीनंतर वर्गात "अंदाज" आणि "प्रत्यक्ष" असे दोन रकाने भरले. पेट्रोल ५०० रुपयांनी जास्त लागलं. मुलांनी कारणं शोधली : घाट, गर्दीत चालू ठेवलेलं इंजिन आणि धरलेल्यापेक्षा जास्त दर. सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला पाणी कसं आलं, यावर तर अर्धा तास गेला. आपल्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून तिचं पाणी होतं, हे त्यांनी थंड पाण्याच्या पेल्याशी जोडून सांगितलं.

पालकहो, पुढच्या वेळी लग्नाला, जत्रेला, गावाला कुठेही निघाल, तेव्हा किती वाजता निघायचं हे एकदा मुलांना ठरवू द्या. कागदावर लिहून घ्या. चुकलं तर रागावू नका. पोहोचल्यावर तोच कागद काढा आणि कुठे किती फरक पडला ते त्यांनाच शोधू द्या. माझ्या वर्गातला तो मुलगा आता वही मिटून बसत नाही. परवा त्याने स्वतःहून विचारलं, "बाई, पुढची सहल कुठं?"