द्रौपदीचा प्रश्न आणि आजची दृष्टी

सज्जन वाचकहो, कीर्तनाला येणारी शिकलेली मंडळी आम्हांस एक शंका नेहमी विचारतात. महाभारत हे जुन्या काळचे काव्य. त्याला आजच्या समतेच्या मापाने मोजावे काय? कोणी म्हणतात, मोजूच नये, पाप लागेल. कोणी म्हणतात, मोजा आणि टाकून द्या. आमच्या मते दोघांचीही घाई होते आहे. अहो, मोजण्याआधी वस्तू नीट पाहावी लागते. म्हणून या महिन्यात सभापर्वातला एकच प्रसंग घेऊ, तो द्यूतसभेचा.

प्रथम कथाभाग. युधिष्ठिर धन हरला, राज्य हरला, चार भाऊ हरला, मग स्वतःला हरला, आणि शेवटी त्याने द्रौपदीला पणाला लावले. हा क्रम ध्यानात ठेवा, सारा वाद त्यावरच उभा आहे. दुर्योधनाने तिला आणायला प्रातिकामी हा सेवक धाडला. तिने त्याच्याच हाती उलट प्रश्न पाठवला : सभेत जाऊन विचार, ते आधी स्वतःला हरले की मला? म्हणजे असे की, जो स्वतःच दास झाला, त्याची दुसऱ्यावर सत्ता उरते काय?

आता सभेने काय केले पाहा. भीष्म म्हणाले, ज्याचे स्वतःचे काही उरले नाही त्याने दुसऱ्याचे पणाला लावू नये हे खरे. पण स्त्री पतीच्या आधीन, आणि धर्म फार सूक्ष्म, तेव्हा निर्णय करवत नाही. द्रोण गप्प. धृतराष्ट्राचाच मुलगा विकर्ण मात्र उठला आणि स्पष्ट बोलला की, ती जिंकली गेलेलीच नाही. कर्णाने त्याला पोर ठरवून खाली बसवले, आणि वस्त्रे ओढण्याची आज्ञाही कर्णाच्याच तोंडून निघाली. विदुराने बजावले की, सभेत धर्म विचारला असता जो जाणूनही बोलत नाही, त्याच्या माथी असत्याचे अर्धे पाप बसते. पुढे अपशकुनांना भिऊन धृतराष्ट्राने वर दिले आणि पांडव सुटले. पण प्रश्नाचे उत्तर? ते शेवटपर्यंत कोणी दिले नाही. व्यासांनी तो तसाच उघडा ठेवला.

तर बरं का, ज्याला आपण आजची शंका म्हणतो, ती त्या सभेत उभी राहून द्रौपदीनेच विचारली आहे. ती विचारणाऱ्या तरुणाला नास्तिक म्हणू नका. तो विकर्णाच्या जागी उभा आहे.

आता दुसरी शंका, ती भाविकांची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती 1966 साली पूर्ण केली. तिच्या मूळ पाठात वस्त्रे वाढतात, पण द्रौपदीने त्या वेळी केलेला कृष्णाचा धावा नाही. तो तळटिपांत गेला. हे ऐकून काहींच्या पोटात गोळा येतो. पण त्याच आवृत्तीचे उद्योगपर्व उघडा. तेथे श्रीकृष्ण संजयाला सांगतात की, मी दूर असता कृष्णेने मला गोविंद म्हणून हाक मारली, ते ऋण वाढत गेले आहे आणि माझ्या हृदयातून जात नाही. पाहा! देव स्वतःला भक्ताचा ऋणकरी म्हणवतो. संशोधनाने आपले काय गेले? उलट नीट वाचायची सवय लागली.

आता तिसरी गोष्ट. ती मात्र सभेत कोणीच विचारली नाही. द्रौपदीच्या कितीतरी आधी युधिष्ठिराने एक लक्ष तरुण दासी पणाला लावल्या आणि तो त्या हरला. त्यांच्यासाठी विकर्ण उठला नाही, विदुरानेही त्यांचे नाव काढले नाही. द्रौपदीला दासी म्हटले म्हणून सभा हादरली. पण ज्या खरोखर दासी होत्या, त्यांचे काय? हे आजच्या डोळ्यांना दिसते, आणि दिसलेच पाहिजे.

वारकऱ्याला हे डोळे उसने आणावे लागत नाहीत. आपली जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, आणि विठोबा तिच्या जात्याच्या खुंट्याला हात लावतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. राजसभेने जिची मोजदाद धनात केली, तिच्या शेजारी देव दळायला बसला. संतांनी जुन्या कथेकडे पाहण्याची जी दृष्टी दिली, ती हीच.

म्हणून कीर्तनकार बंधूंना एक विनंती. वस्त्रहरणाचे आख्यान लावाल तेव्हा कृष्णाला आणण्याची घाई करू नका. आधी द्रौपदीचा प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवा आणि क्षणभर टाळ थांबवा. त्या सभेत आपण कोणत्या आसनावर बसलो असतो, हे ज्याचे त्याने पाहावे. घर गहाण टाकताना घरच्या बाईला विचारले होते काय? दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. मग घरी भांडी घासायला येणाऱ्या माउलीचा कप वेगळा ठेवतो काय?

ग्रंथाला प्रश्न विचारावेत, जरूर विचारावेत. मात्र ग्रंथ आपल्याला उलट विचारील, तेव्हा भीष्मांसारखे खाली पाहू नये. रामकृष्णहरि.